स्लेडची बॅलड सात इंचीवर: प्रत कशी निवडायची, कशी वाजवायची

ग्लॅम रॉकच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या भपकेबाज ब्रिटिश रॉकच्या, सिंगल्सना (एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांना) बरंच काही खपून जातं. ड्रमचा दणका, टाळ्यांचा ठेका, त्यावर घसा फोडून गायलेलं ध्रुवपद; एवढ्या कल्लोळात रेकॉर्डची खरखर कुठल्या कुठे बुडून जाते. बॅलडला, म्हणजे संथ भावगीताला, ही सोय नाही. सुई टेकली की पियानोचे सूर येतात, त्यांच्या मधे शांतता असते, आणि पन्नास वर्षांत त्या तबकडीचं जे जे झालं ते सगळं त्या शांततेत ऐकू येतं. म्हणून बॅलडची सिंगल निवडायची रीत वेगळी. ती मी एकाच रेकॉर्डच्या आधाराने सांगते, कारण मोघम सूचना रेकॉर्डच्या खोक्यासमोर उभं राहिल्यावर उपयोगी पडत नाहीत.

रेकॉर्ड आहे स्लेड या ब्रिटिश ग्लॅम बँडची ‘हाऊ डझ इट फील’. पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये काढली, क्रमांक २०५८ ५४७, मागच्या बाजूला ‘सो फार सो गुड’. मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये रविवारच्या रेकॉर्ड फेअरमध्ये जुन्या सिंगल्सचं टेबल लावते. हा बँड इथलाच, वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉलच्या पट्ट्यातला, त्यामुळे लोक माळा आवरायला काढतात तेव्हा जी खोकी माझ्याकडे येतात त्यांत स्लेड हमखास असतात. ही सिंगलही येते, पण निर्मळ वाजणारी क्वचित.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती ठाऊक असली की प्रत शोधतानाही मदत होते. १९७१ च्या ‘कॉज आय लव्ह यू’पासून १९७४ च्या ‘फार फार अवे’पर्यंत या चौघांच्या सलग बारा सिंगल्स ब्रिटिश खपाच्या यादीत पहिल्या चारांत पोचल्या, त्यांतल्या सहा पहिल्या क्रमांकावर. नॉडी होल्डरचा आवाज, डेव्ह हिलचे चमचमते कपडे, डॉन पॉवेलचे ड्रम, जिम लीचा बास, आणि निर्माता अ‍ॅनिमल्स या बँडचा जुना बासवादक चॅस चँडलर. मग ‘स्लेड इन फ्लेम’ हा चित्रपट आला आणि त्याच्यासाठी हे गाणं. चाल जिम लीने पोरवयात पियानोवर बांधून ठेवलेली होती. एका बँडच्या चढण्याची आणि तुटण्याची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला तीच लागू पडली. सिंगल मात्र पंधराव्या क्रमांकावर थांबली. पाय आपटत नाचायची सवय लागलेल्या श्रोत्यांना पियानो आणि ब्रासचं (पितळी तुताऱ्यांचं) हे जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं पेललं नाही. मला विचाराल तर या बँडने याहून सुंदर काही केलेलं नाही, आणि म्हणूनच ते नीट ऐकलं जावं यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटतो.

पंधरावा क्रमांक म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांइतक्या प्रती बाजारात फिरत नाहीत. तरी दुर्मीळ मुळीच नाही. साधी ब्रिटिश प्रत इथे दोन-तीन पौंडांत मिळते. त्यामुळे पहिलीच समोर आलेली उचलायची गरज नाही. चार प्रती पाहा आणि निवडा.

आधी ठरवा: सिंगल हवी की एलपी?

हा प्रश्न मी मुद्दाम आधी घेते. एलपी म्हणजे अनेक गाण्यांची बारा इंची तबकडी. सिंगलचा वेग, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, जास्त म्हणून आवाज चांगला, असं बहुतेक जण धरून चालतात. या गाण्यापुरतं ते खरं नाही.

सुईखालून चर (सुई जिच्यात चालते ती तबकडीवरची बारीक खाच) किती वेगाने सरकते यावर आवाजाचा बारकावा ठरतो, आणि तो वेग फेऱ्यांच्या जोडीने त्रिज्येवरही अवलंबून असतो. सात इंची सिंगल सुरू होते तिथे चर सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. लेबलाजवळ पोचेपर्यंत हा वेग २५ च्या आसपास उतरतो. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण तिच्या बाहेरच्या कडेला तोच वेग ५० च्या वर असतो. आणि ‘स्लेड इन फ्लेम’च्या एलपीवर हे गाणं पहिल्या बाजूला अगदी पहिलं आहे. म्हणजे तिथे ते संपतानाही चर सिंगलच्या सुरुवातीपेक्षा हळू पळत नाही.

दुसरी अडचण लांबीची. सात इंचीवर चरींसाठी मिळणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. तीन मिनिटांच्या गाण्याला त्यात १३५ फेरे बसवायचे असतात. सहा मिनिटांना २७०. जागा तेवढीच, फेरे दुप्पट. मोठ्या आवाजाची चर जास्त आडवी हलते, तिला जास्त जागा लागते, म्हणून लांब गाण्याची चर कापणाऱ्याला आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते. पातळी खाली आली की तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर वाढवता आणि सोबत खरखरही वाढते.

नुसता आवाजच हवा असेल तर एलपीची चांगली प्रत घ्या, मी अडवणार नाही. सिंगल घ्यायची ती तिच्यासाठी: शनिवारच्या पैशातून कुणा पोराने दुकानातून घरी नेलेली, एकच गाणं असलेली, ऐकून झालं की उठून पुन्हा सुई मागे न्यायला लावणारी वस्तू. ती हवी असेल तर पुढे वाचा.

उजेडात धरा

तबकडी कडेने आणि लेबलाने धरा, बोटं चरींवर नकोत. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा पसरट उजेड सगळं लपवतो. एकाच दिव्याखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली तबकडी तिरकी करत फिरवा.

आता चरींचा रंग बघा. शांत भाग काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो. जिथे ब्रास, गिटार आणि ड्रम एकत्र उसळतात तिथे चरी करड्या, किंचित खडबडीत दिसतात. या सिंगलच्या पहिल्या बाजूला बाहेरच्या कडेलगत तो काळा पट्टा स्पष्ट ओळखू येतो. तोच पियानो. तुमची सगळी तपासणी त्या पट्ट्याभोवती फिरली पाहिजे. करड्या भागातला एखादा ओरखडा गाण्यात मुरून जातो. तोच ओरखडा काळ्या पट्ट्यात असेल तर दर वेळी तेवढ्याच ठिकाणी मन अडकतं. दुर्दैव असं की कडेचा भागच जास्त मार खातो, कारण सुई तिथेच आदळते आणि पाकिटातून काढता-घालता बोटंही तिथेच लागतात.

ओरखडा दिसला तर नखाची कड त्यावरून आडवी, अगदी हलकेच न्या. नख अडकलं तर सुईलाही जाणवणार. अडकलं नाही आणि रेघ फक्त ठरावीक कोनातून दिसत असेल, तर ती पाकिटाची घासण. बहुतेक वेळा ऐकू येत नाही.

झीज ओळखायला अवघड, आणि इथे विक्रेत्याने प्रतीच्या अवस्थेला दिलेली श्रेणी कामाची नाही. ब्रिटनमध्ये ‘रेकॉर्ड कलेक्टर’ मासिकाची श्रेणी चालते: मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड आणि त्याखालच्या. अमेरिकन विक्रेते ‘गोल्डमाइन’ची लावतात, तिच्यात व्हेरी गुड प्लस अशी पायरी असते. दोन्हीकडे बहुतेक विक्रेते डोळ्यांनी पाहूनच श्रेणी देतात. पण जुन्या ऑटोचेंजरच्या (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या प्लेअरच्या) बोथट, जड सुईने शंभरदा वाजलेली तबकडी लांबून चकाकतेच. तिची खूण अशी, की मोठ्या आवाजाच्या भागावर राखेसारखी मळकट छटा येते, जी पुसून जात नाही.

आणि तबकडी उलटून दुसरी बाजू जरूर बघा. ‘सो फार सो गुड’ कोरी करकरीत आणि पहिली बाजू राखाडी असेल, तर गाणं आवडीने झिजवलेलं आहे. दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या असतील तर ती पाकिटाशिवाय कुठेतरी पडून होती. दुसऱ्या प्रकारची प्रत परवडते. तिच्यातला बराच मळ धुतल्यावर जातो. झीज जात नाही.

मधलं भोक पाहा. ब्रिटिश सिंगलला बारीक भोक असतं. कित्येकांना चार दांड्यांवर धरलेला मधला तुकडा असतो, तो तोडून काढला की ज्यूकबॉक्सला लागणारं मोठं भोक तयार होतं. तुकडा तोडलेली प्रत ज्यूकबॉक्समधून आलेली असू शकते, आणि ज्यूकबॉक्सची जड सुई तबकडीवर दया करत नाही. शिवाय अशी प्रत मोठं भोक भरणाऱ्या अ‍ॅडॅप्टरवर बसवावी लागते आणि तिथे आणखी एक दुखणं सुरू होतं, ते पुढे येतंच आहे.

तबकडी टेबलावर ठेवून डोळे तिच्या पातळीवर आणा. वाकलेली असेल तर लगेच दिसतं. १९७३ च्या ऑक्टोबरपासून तेल महागलं, रेकॉर्डचं प्लास्टिक, पीव्हीसी, तेलापासूनच बनतं, त्यामुळे रेकॉर्ड कारखान्यांना माल अपुरा पडू लागला. १९७४ च्या सुरुवातीला तर ब्रिटनमध्ये वीज वाचवायला उद्योगांना आठवड्याला तीनच दिवस वीज दिली जात होती. त्या सुमाराच्या कित्येक तबकड्या हाताला पातळ लागतात. पातळ असणं हा दोष नव्हे, पण पातळ तबकडी खिडकीतल्या उन्हात लवकर वाकते.

लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला क्रमांकही वाचा. पॉलिडॉरच्या त्या काळच्या ब्रिटिश तबकड्यांवर बाजूच्या अक्षरानंतर दोन तिरक्या रेघा आणि एक आकडा असतो. तो कटिंगचा, म्हणजे साच्यासाठी मूळ तबकडीवर चर कोरण्याचा, क्रमांक. तो एक असेल तर लोक आनंदतात. संग्राहक म्हणून मलाही आनंद होतो. पण कानाला त्याने फरक पडेलच असं नाही. एकाच कटिंगचा साचा नवा असताना निघालेली प्रत आणि तोच साचा थकल्यावर निघालेली प्रत यांचा आकडा सारखाच असतो.

पाकिटाबद्दल एवढंच, की त्या काळी ब्रिटनमध्ये सिंगल्स बहुधा कंपनीच्या साध्या कागदी पाकिटात विकल्या जायच्या. युरोपातल्या इतर देशांत फोटोचं पाकीट देण्याची पद्धत होती. फोटो आवडत असेल तर तिकडची प्रत घ्या, पण निव्वळ फोटोसाठी आतली झिजलेली तबकडी गळ्यात मारून घेऊ नका.

फोन करून किंवा लिहून मागवताय?

मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पहिलं अर्धं मिनिट हेडफोनवर ऐकून सांगाल का? चांगला विक्रेता ऐकून सांगतो. ‘या किमतीत वाजवून बघायला परवडत नाही’ असं उत्तर आलं तर तेही प्रामाणिक आहे, दोन पौंडांच्या वस्तूसाठी मी ते समजू शकते. मग तेवढी जोखीम धरून घ्या.

स्वतः ऐकताना टकटक मोजा. पंचेचाळीसच्या वेगाने तबकडी चार सेकंदांत बरोबर तीन फेरे घेते. चार सेकंदांत तीन टक्‌, एकसारख्या अंतराने, याचा अर्थ चरींना आडवा छेदणारा ओरखडा. तो धुऊन जाणार नाही. टक्‌ अनियमित, कुठेही, कधीही येत असेल तर धूळ किंवा स्थिर विद्युत. तिच्यावर उपाय आहे. आणि सतत उकळल्यासारखी बारीक खरखर, जी मोठ्या सुरांवर फाटल्यासारखी वाढते, ती झीज.

सूर हलतो तेव्हा

या भागासाठीच खरं म्हणजे मी लिहायला बसले. जुन्या सिंगल्सचा हा दोष सगळ्यांत कमी बोलला जातो आणि पियानोच्या गाण्याला सगळ्यांत जास्त छळतो.

भोक अगदी केंद्रात नसेल तर चर सुईखाली एकदा जवळून, एकदा लांबून जाते. जवळ असताना हळू, लांब असताना जलद. सूर त्या तालावर खाली-वर होतो, दर फेऱ्याला एकदा. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल आणि सुई केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर असेल, तर सूर दोन्हीकडे जवळजवळ एक टक्का ढळतो. म्हणजे शेजारच्या सुराच्या अंतराचा सातवा हिस्सा. गिटारच्या गदारोळात हे कुणाच्या लक्षात येत नाही, गायकाचा आवाज तर तसाही हलतो. पियानोचा सूर मात्र एकदा वाजला की जागचा ढळत नाही, आणि तो ढळला की कानाला काहीतरी बिनसल्याचं कळतं, काय बिनसलं ते कळत नाही.

माझ्या सासूबाई हार्मोनियम वाजवतात. त्या इथे आल्या होत्या तेव्हा मी विकायच्या प्रती एकामागून एक लावून बघत होते. हा बँड त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. स्वयंपाकघरातून त्या म्हणाल्या, “अगं, ही पेटी गळतेय का? सूर हेलकावे खातोय.” मी दुसरी प्रत लावली. “हां, आता ठीक आहे.” दोन्ही प्रती दिसायला तंतोतंत सारख्या होत्या, दोन्हींवर मी एकच श्रेणी लिहिली होती. त्यानंतर मी बॅलडच्या पाकिटावर श्रेणीखाली ‘सूर स्थिर’ किंवा ‘सूर हलतो’ असं लिहायला लागले. गिऱ्हाइकं आता त्याच ओळीवर बोट ठेवतात.

तपासायचं कसं? सुई चरीत असताना समोरून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताकडे, बघा. तो संथपणे आत सरकत जायला हवा. दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे.

दुरुस्ती करता येते. भोक टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर सैल बसत असेल, किंवा तबकडी अ‍ॅडॅप्टरवर असेल आणि थोडी हालत असेल, तर काम सोपं. टोनआर्म झुलत झुलत सर्वांत बाहेर जातो त्या क्षणी सुई कुठे होती ते लेबलावरच्या एखाद्या अक्षराच्या ओळीत लक्षात ठेवा. सुई उचला, फिरणं थांबवा, आणि तबकडीची तीच बाजू खुंटीच्या दिशेने जराशी ढकला. किती? आर्म एकूण जेवढा झुलत होता त्याच्या निम्मं. पुन्हा वाजवून बघा. हाताला सवय झाली की दोन-तीन खेपांत आर्म स्थिर होतो.

भोक घट्ट असेल तर काही लोक गोल कानशीने एका बाजूने ते जरासं मोठं करतात. सहज मिळणाऱ्या प्रतीवर मीही करते: तबकडी उभी धरून, भुसा चरींवर पडणार नाही असं, आणि दोन-चार हलके हात मारून पुन्हा बसवून बघत. चार दांड्यांचा मधला तुकडा असेल तर आधी तो सपाट बसलाय का पाहा; एक दांडी तडकून तुकडा कलला असला तरी सूर हलतो, आणि तेव्हा कानशीला हात लावायची गरज नसते. दुर्मीळ प्रत असेल, विक्रीऐवजी नमुना म्हणून काढलेली किंवा परदेशी, तर तिला कानस लावू नका. ती हलणाऱ्या सुरासकट सांभाळा आणि ऐकायला दुसरी घ्या.

धुणं

आधी कोरड्या कार्बन ब्रशने सुटी धूळ काढा. मग डिस्टिल्ड पाणी आणि त्यात बिनवासाच्या सौम्य साबणाचा एक थेंब. नळाचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार वाळले की चरीच्या तळाशी बसतात आणि त्यांचीच नवी खरखर होते. मऊ मायक्रोफायबरचं कापड ओलं करून चरींच्या दिशेने, गोल पुसा, आडवं कधीच नाही. लेबल कोरडं राहू द्या. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढा. बहुतेक लोक इथे घाई करतात आणि राहिलेला साबण सुईवर पांढरा जमतो. उभी करून सावलीत वाळवा.

स्पिरिट किंवा अल्कोहोल टाळा. सत्तरच्या दशकातल्या काही ब्रिटिश सिंगल्सना कागदी लेबल नसतं, रंग आणि अक्षरं थेट प्लास्टिकवर चढवलेली असतात. ती अल्कोहोलने निघून येतात. अमेरिकन सिंगल पॉलिस्टायरीनची असू शकते, तिला तर त्याने इजाच होते. लाकडाचा गोंद ओतून, वाळवून सोलून काढायची युक्तीही लोक सांगतात. मी त्या वाटेला जात नाही. गोंद सगळीकडे सारखा सुटला नाही तर चरीत जे राहतं ते काढायला पुन्हा काही नसतं.

धुतल्यानंतरचं पहिलं वाजवणं जमेस धरू नका. सैल झालेला मळ सुई उकरून काढते. सुई पुसा आणि दुसऱ्यांदा ऐकून मत बनवा.

सुई आणि वजन

सुईचं वजन (ती चरीवर किती दाबते ते) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, बनवणाऱ्याने जेवढं दिलं असेल त्या मर्यादेत, वरच्या टोकाकडे ठेवा. हलकी सुई रेकॉर्डला जपते हा गैरसमज आहे. हलकी सुई मोठ्या आवाजावर चरीत टिकत नाही, भिंतींवर आपटते, आणि तो ओरखडा कायमचा राहतो.

गोलाकार टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल टोकाची सुई या गाण्याला न्याय देते, कारण ब्रास आणि सगळा बँड मिळून वाजतो तो बराच भाग लेबलाकडच्या हळू चरींत पडतो. तिथल्या दाट वळणांत रुंद गोल टोक नीट शिरत नाही आणि तुताऱ्या फाटक्या ऐकू येतात. लंबगोल सुईनेही फाटत असतील तर कार्ट्रिजची जागा टर्नटेबलसोबतच्या मापपट्टीने पुन्हा जुळवा. एवढं करूनही फाटत असेल तर ती प्रत झिजलेली आहे.

वेगाबद्दल एक छोटी गोष्ट, ५० हर्ट्‌झ वीज असलेल्या ब्रिटनसारख्या देशांतल्या लोकांसाठी. पट्ट्यांच्या चकतीने (विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्यात तिचे पट्टे थबकल्यासारखे दिसतात) पंचेचाळीसचा वेग तपासताना पट्टे अगदी थबकले तर तबकडी बरोबर ४५ ने फिरत नसते, ४५.११ ने फिरत असते. हिशोबाला १३३⅓ पट्टे हवेत, आणि तिसरा हिस्सा पट्टा छापता येत नाही म्हणून चकतीवर १३३ असतात. पट्टे अगदी सावकाश मागे सरकताना दिसले तर वेग बरोबर आहे, उगाच स्क्रू पिळत बसू नका.

ठेवणं

उभी ठेवा. नवं, आतून गुळगुळीत अस्तर असलेलं पाकीट तबकडीला द्या आणि कंपनीचं मूळ कागदी पाकीट तिच्या शेजारी, दोन्ही एका बाहेरच्या पॉलिथिनच्या पाकिटात. मऊ पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटं वापरू नका. वर्षानुवर्षं चिकटून राहिली की तबकडीवर दुधाळ डाग पडतात आणि ते ऐकूही येतात.

नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा की तबकडी कुठल्या बाजूने आत ढकलायची आहे: ‘पहिली बाजू, बँडच्या नावाकडून, किंचित’. दुसऱ्या बाजूची नोंद वेगळी करा, कारण दोन बाजूंचे साचे वेगळे आणि त्यांचं सरकणंही वेगळं. पुढच्या वेळी दिवे मालवून ऐकायला बसलात की आर्मकडे बघत बसावं लागणार नाही.